लाकडाचे नाव आणि वाद्याचा आवाज

गिटार घ्यायला गेलेल्या माणसाशी दुकानदार आधी लाकडांविषयी बोलतो. टॉप स्प्रूसचा, पाठ रोझवूडची, मान महोगनीची, फिंगरबोर्ड एबनीचा. नावासरशी किंमत चढत जाते. रोझवूड खोल, महोगनी कोरडी, मेपल लख्ख अशी विशेषणांची वाटणीही पक्की झालेली आहे, आणि ती इतक्या वेळा छापली गेली आहे की आता तिच्याबद्दल कोणी पुरावा मागत नाही. हे पुस्तक लाकडांविषयीच आहे, त्यामुळे ही वाटणी सुरुवातीलाच तपासून घ्यायला हवी. माझे म्हणणे थोडक्यात असे: झाडाची जात वाद्याच्या आवाजाला एक हद्द घालून देते. त्या हद्दीच्या आत आवाज कुठे पडेल हे ठरते फळी कशी चिरली, किती वाळवली, किती पातळ केली आणि आतून कशी सावरली यावर. हे अकूस्टिक गिटारला लागू आहे आणि मिरजेच्या तंबोऱ्याला त्याहून जास्त लागू आहे. म्हणून स्पेन-अमेरिकेतल्या कारागिरांबरोबर मिरजेच्या सतारमेकरांना इथे जागा आहे, आणि ती केवळ अभिमानापोटी दिलेली नाही.

नवख्या वाचकासाठी मूळ अडचण आधी मांडतो. तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. ती इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही कडांनी निसटते. तारेची थरथर घोडीवाटे रुंद, पातळ फळीत उतरते आणि ती फळी हवा ढकलते. गिटारवाले या फळीला टॉप म्हणतात, सतार-तंबोऱ्याचे कारागीर तबली. फळी जितकी हलकी आणि लवचीक, तितकी ती तारेला लवकर दाद देते. पण गिटारच्या सहा पोलादी तारांचा मिळून सुमारे ७० किलोचा ताण रात्रंदिवस घोडीवर असतो. फार नाजूक फळी त्या ताणाखाली घोडीमागे फुगते, पुढे खचते आणि काही वर्षांत वाद्य सुरात लावता येईनासे होते. बांधणाऱ्याचे सारे कसब या दोन मागण्यांमध्ये खर्च होते. इथे एक साधे गणित कामाला येते. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ३ मिलिमीटरची फळी रंध्याने अडीचवर आणली तर वजन जेमतेम सहाव्या हिश्शाने कमी होते, पण ताठपणा सुमारे ४२ टक्क्यांनी उतरतो. आतून चिकटवलेल्या पट्ट्यांचेही तेच: पट्टीची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट, उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणजे दोन जवळच्या जातींच्या फळ्यांत जो फरक असतो, तो रंध्याच्या थोड्याशा फिरवण्याने पुसता येतो किंवा वाढवताही येतो. जाहिरातीत लाकडाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. जाडी बहुधा कुठेच नसते.

महाराष्ट्रात ज्यांनी ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या सोडवली ते मुळात सुतार नव्हते. मिरजेचे शिकलगार हे हत्यारांना धार लावणारे, त्यांची निगा राखणारे लोक. इंग्रजी अंमल स्थिरावला, संस्थानी फौजांचे काम आटले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे आणि तिथून सतार-तंबोरे घडवण्याकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे गायक-वादकांचा राबता होताच. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि स्वराच्या बाबतीत काटेकोर असलेल्या गायकाची नजर या कामावर राहिली. धंद्याचेच आडनाव झाले, सतारमेकर. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी परंपरेचे कौतुक पुष्कळ केले. तंत्राविषयी मात्र चार ओळीही क्वचितच आल्या. तंत्र पाहण्यासारखे आहे. तंबोऱ्याचा घुमारा ज्याच्यातून येतो तो भोपळा भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात मुद्दाम पिकवला जातो; तो कडू असतो, खाण्याच्या कामाचा नसतो, आणि महिनोन्‌महिने वाळल्याशिवाय कापला जात नाही. दांडी आणि तबली बहुतकरून तुनीची, खुंट्या शिसवीसारख्या घट्ट लाकडाच्या, सांधे सरसाने, वरचे पॉलिश लाखेचे. हिंदुस्थानी संगीतातला सर्वांत आदरणीय नाद एका वाळलेल्या वेलफळावर उभा आहे, ज्याला लाकूड म्हणताच येत नाही. भोपळ्याची भिंत हलकी असते आणि गोलाईमुळे ताठ असते, एवढेच तिच्याकडून हवे असते. 'नादमय लाकूड' या कल्पनेला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

इथे पहिला आक्षेप येईल: तंबोरा आणि गिटार यांची तुलनाच गैर आहे. तंबोऱ्यावर सूर बदलत नाहीत, तारा मोकळ्या छेडल्या जातात, आणि त्याचा नाद भोपळ्यापेक्षा घोडीवर, म्हणजे जवारीवर अवलंबून असतो. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग खरा आहे आणि तो माझ्याच बाजूने बोलतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्यावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवले की तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर स्थिर असणारे उपस्वर उमटू नयेत हा युरोपीय वाद्यांवर बेतलेला नियम इथे मोडतो; तंबोऱ्यात ते उपस्वर स्पष्ट ऐकू येतात. कारण घोडी सपाट-रुंद आणि किंचित उताराची असते, आणि तार तिच्यावर पुन्हा पुन्हा अलगद टेकते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेला सुती दोरा, जीवा, हे टेकणे नेमके कुठे व्हावे ते ठरवतो. कानशीने घोडी घासून जवारी उघडणारा माणूस झाडाची जात बदलत नाही, अंशाअंशाने आकार बदलतो, आणि तेवढ्याने निर्जीव वाद्य बोलते होते. गिटारच्या घोडीवरची पट्टी उलट अरुंद ठेवतात, कारण तिथे तारेने एकाच रेषेवरून सुटावे अशी अपेक्षा असते. दोन वाद्यांनी दोन वेगळी ध्येये निवडली. दोन्हीकडे ती गाठायचे साधन आकार आणि माप हेच राहिले.

गिटारचा इतिहासही याच नजरेने वाचायला हवा. आजच्या स्पॅनिश गिटारचा घाट अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोर्रेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्का केला. त्यांनी अंग मोठे केले, तबली पातळ केली आणि तिला आतून पंख्यासारख्या पसरलेल्या सात पट्ट्यांनी सावरले. जर्मनीतल्या मार्कन्यूकिर्खेनमधून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांच्या कारखान्यात १८४० च्या दशकात पट्ट्यांची फुलीसारखी मांडणी आली. आतड्याच्या तारांसाठी केलेली ती रचना विसाव्या शतकात पोलादी तारांचा ताण पेलायला सापडल्यासारखी उपयोगी पडली, आणि आज जगातल्या बहुतेक पोलादी तारांच्या गिटारी तिच्यावरच उभ्या आहेत. तिसरी वाट ऑर्व्हिल गिब्सन यांची: व्हायोलिनसारखी कोरून घुमटाकार केलेली तबली, जिची पूर्ण वाढ १९२२ नंतरच्या एल-५ गिटारमध्ये दिसते. आपल्याकडे तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची, चांगल्यातली तर एकाच ओंडक्यातून कोरलेली. कोलकात्याच्या सतारीचा पंथ वेगळा, दिल्लीचा वेगळा. या घराण्यांची नावे सांगताना लाकडे सांगण्याची पद्धत आहे, पण ज्या गोष्टींमुळे एक घराणे दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येते त्या लाकडाच्या आत आहेत: पट्ट्यांची दिशा, तबलीचा बाक, मानेचा सांधा.

तोर्रेस यांना हे स्वतःला ठाऊक होते. १८६२ साली त्यांनी तबली चांगल्या स्प्रूसची घेतली आणि पाठ व बाजू पुठ्ठ्याच्या केल्या. ते वाद्य आज बार्सिलोनाच्या संगीतवाद्य संग्रहालयात आहे. ते वाजवण्याच्या स्थितीत नाही, त्यामुळे त्याच्या आवाजावर फार भार टाकू नये. पण आपल्या काळातला सर्वांत मोठा गिटारकार ही परीक्षा घ्यायला निघाला, याला अर्थ आहे. जास्त भक्कम पुरावा २०१८ सालचा आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका अनुभवी कारागिराकडून सहा गिटारी एकाच आराखड्याने करून घेतल्या. फक्त पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगळे: ब्राझिली रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सपेली, अक्रोड. बावन्न वादकांनी मंद उजेडात, लाकूड दिसणार नाही अशा बेताने त्या वाजवल्या आणि गुण दिले. सहाही गिटारींचे गुण जवळपास सारखे निघाले. त्यांत सर्वांत महाग लाकूड आणि सर्वांत स्वस्त लाकूड यांच्या किमतींत प्रचंड अंतर होते.

यावर कारागिरांचा आक्षेप असा, आणि तो हलका नाही, की पिढ्यांचा अनुभव खोटा कसा ठरवायचा? फळी दोन बोटांत धरून टिचकी मारली की शिसव घंटेसारखी वाजते आणि आंबा थपकतो, हे कोणीही ऐकू शकतो. शिसवीत कंपने उशिरा विरतात, हे मोजूनही दाखवता येते. मी हे नाकारत नाही. पण टिचकी मारणारा कारागीर नेमके काय करतो ते पाहा: तो शिसवीच्या दहा फळ्यांतून दोन निवडतो, आठ बाजूला ठेवतो. नावच पुरेसे असते तर टिचकी कशाला मारावी लागली असती? अनुभवाने शिकवलेली गोष्ट म्हणजे एकाच जातीत, कधी एकाच ओंडक्यात, फळीफळीत अंतर असते. दुकानाने त्या अनुभवातले नाव उचलले आणि निवड टाकून दिली. दुसऱ्या बाजूने कोणी विचारील की जात गौण असेल तर प्लायवूडची स्वस्त गिटार चांगली का वाजत नाही. कारण तिथे जात गौण नाही, फळीच वेगळी आहे. स्प्रूसची फळी तंतूंच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पट ताठ असते आणि तरी हलकी असते. पातळ थर आलटूनपालटून आडवे-उभे चिकटवले की हा गुण जातो आणि गोंदाचे वजन वाढते. त्यामुळे तबलीच्या बाबतीत माझी भूमिका सौम्य आहे: तिथे लाकूड खरोखर मोजके चालते, आणि जातीची हद्द अरुंद आहे. पाठ, बाजू आणि मान यांच्या बाबतीत मात्र ती बरीच रुंद आहे.

ही चर्चा आत्ताच का, याचे उत्तर जंगलात आहे. ब्राझीलने रोझवूडच्या ओंडक्यांची निर्यात रोखल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ साली भारतीय रोझवूड घ्यायला सुरुवात केली. हे भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसव, सह्याद्रीतली. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत अमेरिकी गिटारच्या ज्या आवाजाला 'पारंपरिक' म्हटले जाते, त्यातल्या पुष्कळ वाद्यांची पाठ पश्चिम घाटातल्या लाकडाची आहे, आणि मराठी वाचकाला ते परदेशी नावाने परत विकले जाते. ब्राझिली रोझवूडवर १९९२ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक निर्बंध आले. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या सगळ्या गोत्राचा व्यापार परवान्याखाली गेला, आणि वाद्यनिर्मात्यांच्या तक्रारींनंतर २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली. सवलत कागदावरची आहे. झाडे तितकीच आहेत. तुनीची गोष्ट याहून बोलकी आहे. तून व्यापारात लाल देवदार म्हणून विकली जाते, पण देवदाराशी तिचे काही नाते नाही. ती महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातली आहे, आणि स्पॅनिश गिटारची मान ज्या सेद्रो लाकडाची करतात त्याची तर इतकी जवळची की वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोघांना एकाच प्रजातीत घालत. मिरजेचा कारागीर आणि ग्रानादाचा कारागीर एकमेकांना न भेटता जवळपास एकाच लाकडापाशी पोचले, कारण दोघांना हलके, स्थिर, रंध्याखाली न फाटणारे लाकूड हवे होते.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की सरसकट देशी झाडे तोडून गिटारी कराव्यात. तसे झाले तर शिसवीचे जे झाले तेच तुनीचे होईल, अशी भीती पर्यावरणाची काळजी असणारे वाचक व्यक्त करतील, आणि ती रास्त आहे. पण नावाचा आग्रह सुटला की उलटी वाट मोकळी होते. शेतबांधावरचा जुना आंबा, पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळया, रस्तारुंदीत गेलेली झाडे या सगळ्यांत पाठ आणि बाजूंसाठी पुरेल असे लाकूड असते. एका गिटारला ते फार थोडे लागते. अलीकडे महोगनीची रोपे लावण्याची लाट आली आहे. त्या शेतकऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की भरपूर पाणी-खतावर झरझर वाढलेल्या कोवळ्या खोडाचे लाकूड जुन्या जंगली महोगनीसारखे असेलच असे नाही. तबलीला स्वस्त देशी पर्याय मात्र सहज सापडत नाही. हिमालयात स्प्रूसची आपली जात आहे, पण तिथल्या हिरव्या झाडांच्या तोडीवर बंधने आहेत आणि ती असावीत. तुनीच्या तबलीची गिटार हा प्रयोग त्यामुळेच मला महत्त्वाचा वाटतो.

हवामानाचा प्रश्न परदेशी पुस्तकांत आपल्या उपयोगाचा सापडत नाही, आणि इथे पुणतांब्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. गोदावरीकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ठाऊक आहे. अशा गावात सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकवायची नसते. विणेकरी बदलतात, ती गळ्यातून गळ्यात जाते. हीच वीणा आषाढी वारीत पावसातून चालते आणि चैत्र-वैशाखात पर्जन्यछायेतल्या कोरड्या उन्हाळ्यात राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असते तेव्हा लाकडात सुमारे ६ टक्के पाणी टिकते, ८० टक्के असते तेव्हा सुमारे १६. गिटारच्या तबलीची रुंदी साधारण ३८ सेंटिमीटर धरली आणि फळी उभ्या चिरीची, म्हणजे वाढीची वर्तुळे फळीला काटकोनात येतील अशी कापलेली असली, तरी एवढ्या फरकाने ती पूर्ण मुरली तर ५ मिलिमीटरच्या आसपास आखडते. आडव्या चिरीची असेल तर जवळपास दुप्पट. मुंबईच्या जुलैत चिकटवलेली गिटार पुणतांब्याच्या एप्रिलमध्ये का फाटते, याचे उत्तर इतके सरळ आहे. झाड कोणते, हा प्रश्न इथे चिरीच्या आणि जोडणीच्या दिवसाच्या मागे पडतो. वारकऱ्यांच्या विणेची तबली अरुंद असते आणि तिच्यावरचा ताण कमी असतो, म्हणून ती हे सोसते. गिटार सोसत नाही. ती कोरड्या दिवसांत जोडावी लागते, आणि पाठीला मुळातच थोडा बाक ठेवावा लागतो, म्हणजे आखडताना तो बाक सपाट होईल पण फळी फाटणार नाही.

या पुस्तकाने स्वतःपुढे ठेवलेले काम मर्यादित आहे. वाचकाला गिटारकार करून सोडण्याचा त्याचा दावा नाही. मिरजेत किंवा कुठल्याही कारखान्यात हात बसायला वर्षे लागतात आणि ती वाचून कमी होत नाहीत. लाकूड निवडणे, वाळवणे, चिरणे, जाडी उतरवणे, पट्ट्या बसवणे आणि घोडी घासणे या कामांमागची कारणे मराठीत एकत्र आणणे, आणि ती आणताना तंबोऱ्याचे ज्ञान व गिटारचे ज्ञान एकमेकांना तपासायला लावणे, एवढाच बेत आहे. मोबाइलमधल्या तानपुऱ्याने रियाजापुरती गरज भागवल्यामुळे मिरजेच्या कामाची मागणी बदलते आहे, आणि शहरांत गिटार शिकणारी मुले वाढत असली तरी त्यांच्या हातातली वाद्ये बहुतांश परदेशी कारखान्यांतली आहेत. दोन धंद्यांनी एकमेकांकडे पाहावे अशी ही वेळ आहे. इलेक्ट्रिक गिटार इथे मुद्दाम घेतलेली नाही, कारण तिथे तारेचा आवाज चुंबकाच्या वाटेने जातो आणि तबलीचा प्रश्नच उरत नाही. हस्तिदंत आणि हरणाचे शिंग यांचा उल्लेख फक्त जुन्या घोड्यांच्या संदर्भात येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांच्या जागी आलेली हाडे, एबनी आणि कृत्रिम पदार्थ यांचाच विचार कामाचा आहे.

कोष्टकांविषयी एक सूचना. त्यांत दिलेल्या जाडी या सुरुवातीच्या जाडी आहेत, अंतिम नाहीत. त्या मापाला फळी आणल्यावर ती तोलावी, वाकवून पाहावी आणि मगच पुढचा रंधा मारावा. घरात आर्द्रतामापक नसेल तर चिरलेल्या फळ्या सावलीत, हवा खेळेल अशा रचून ठेवाव्यात, दर आठवड्याला एक ठरलेली फळी तोलून वजन तिच्यावरच पेन्सिलीने लिहावे, आणि सलग चार आठवडे ते उतरले नाही की लाकूड कामाला घ्यावे. पावसाळ्यात हे वजन पुन्हा चढते. तेव्हा सरस बाजूला ठेवून खुंट्या आणि घोड्या करायला बसावे.